चहाबरोबरची गोळी

चहाचा ट्रे आला की ती मशीन थांबवायची, धागे कापायच्या कात्रीने पट्टीतली एकेक गोळी कापायची आणि पुढे करायची. "घे गं. कंबर काय माहेरची आहे, जपून ठेवायला?"

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या आमच्या जीन्स शिवायच्या कारखान्यात दुपारच्या चहाबरोबर दुखण्यावरची गोळी मिळते. पट्ट्या शेठ आणतात. वाटायचं काम तिचं होतं. मोरिवलीहून यायची, आम्ही सगळ्या तिला ताई म्हणायचो.

तुम्हीही अशी बाई पाहिली असेल. स्वतःला धाप लागलेली, तरी दुसरीच्या डब्यात भाजी आहे ना ते बघणारी. हृदयाची झडप बदलावी लागेल असं कळलं तेव्हा म्हणाली, "मशीनची सुई बदलतो, तसंच की!" मला हसू आलं नाही.

ऑपरेशनमध्ये रक्त जास्त जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी तिची रक्त पातळ करणारी गोळी आधीच बंद केली. ताईने ती पट्टी कपाटात कुलपात टाकली. चहाबरोबरची गोळी मात्र दाखल होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत चालू होती. शेठना ऑर्डर पूर्ण करून हवी होती.

दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, आणखी काही घेता का?"

"नाही हो. दुपारचा चहा तेवढा."

ताईची मुलगी शेजारीच होती, पण तिला कारखान्यातलं काही ठाऊक नव्हतं. ताई खोटं बोलली नाही. आमच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं. ही गोळी चहातच धरलेली, साखरेसारखी.

झडप नीट बसली, पण रक्त थांबेना. छाती पुन्हा उघडली, तरी थांबेना. मुलीचा मला फोन आला, "आई दुखण्यावरचं काही घ्यायची का?" मी सांगितलं.

ताई गेली. दुखण्यावरच्या गोळीनेही रक्त लवकर गोठत नाही, पण तिच्यामुळेच गेली असं ठामपणे सांगता येत नाही, असं डॉक्टर मुलीला म्हणाले. आधी कळलं असतं तर ऑपरेशन पुढे ढकललं असतं, असंही म्हणाले.

मी हे सगळं शेठना सांगितलं. "बहुत बुरा हुआ," म्हणाले आणि ताईचा फोटो हार घालून भिंतीवर लावला. त्या दुपारी ट्रेमध्ये पट्टी होतीच. मी बघतच राहिले, तसे म्हणाले, "ताईने इतकी वर्षं वाटली. तिच्या नावाने चालू ठेवू ना."

मला त्यांची चीड येते. तिचीही येते, इतक्या प्रेमाने वाटायची म्हणून.

ट्रे आता त्या फोटोखालीच ठेवतात. पट्टी कापायला कात्री तिचीच आहे.