हवेवरची गाडी

त्या वर्षी मी एकवीरा आईवर चांगलाच रुसलेलो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. कोपरला माझं गॅरेज आणि मागच्या खोलीत घर. माझी आई मणक्याच्या दुखण्यानं दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. हॉस्पिटलातून घरी आणताना खड्ड्यांनी तिचे असे हाल झाले, की तिला पुन्हा गाडीत घालायचं नुसतं मनात आलं तरी मला कापरं भरायचं. तिला मात्र एकच ध्यास. लग्न होऊन आल्यापासून अंथरुण धरेपर्यंत तिचं कार्ल्याच्या डोंगरावरचं दरवर्षीचं दर्शन एकदाही चुकलं नव्हतं. रोज विचारायची, "कवा नेतंस रं मना आईचे डोंगराव?" मी "नेतो, नेतो" म्हणायचो आणि बाहेर येऊन डोळे पुसायचो. एवढी ओढ लावलीस, मग यायला अंग का नाही ठेवलंस, असं देवीला तोंडावर विचारायचो.

वडिलांच्या मागं त्यांची जुनी अमेरिकन पिकअप तशीच उभी होती. तिच्या मागच्या हौद्यात गादी टाकली तर आई सरळ झोपून जाऊ शकली असती, पण मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे इतके कडक की साधा दगड आला तरी गाडी उडायची. भंगारात मला एका परदेशी बसचे, स्प्रिंगच्या जागी बसवतात ते हवेचे रबरी फुगे मिळाले. पाटे काढून गाडी त्या फुग्यांवर बसवली. हात ठेवून दाबली तर पाळण्यासारखी हलली हो! पण फुगे जुने, हवा धरीनात. घाट चढताना कोण पंप मारत बसणार? म्हणून ट्रकचा एक जुना कॉम्प्रेसर आणून इंजिनाशेजारी बसवला, म्हणजे इंजिन चालू तोवर हवा भरत राहील. आणि तिथंच घोडं अडलं. इंजिनानं जरा जोर धरला की कॉम्प्रेसर फिरवणारा बेल्ट पुलीवरून फटकन उडायचा. मी बेल्ट आणखी ताणायचो. मुळातच माझं डोकं तापट, त्यात आईची हाक कानावर. तीन बेल्ट फाडले, पण थांबून नीट बघावं हे काही सुचलं नाही.

अशात खंडेनवमी आली. पाने, हातोडे, जॅक सगळं धुऊन पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. आता दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. पण मला कुठला धीर! दुपारी हळूच एक पाना उचलायला गेलो, तर आतून आईचा आवाज, "आज नको रं बाला, त्यांना पन निजू दे." तिला आतून कसं कळलं कोण जाणे. मी चरफडत बॉनेट उघडून नुसता इंजिनाकडे बघत बसलो.

दारात सावलीला एक अनोळखी म्हातारी झेंडूची तोरणं ओवत बसलेली. ती आत डोकावून म्हणाली, "दादा, तुमची ही दोन चाकं एका रांगेत नाहीत."

"मावशी, तू तुझी फुलं बघ ना!" मी खेकसलो.

तिला राग आला नाही. उठली, ओवायचा दोरा इंजिनाच्या पुलीवर एका हातानं धरला आणि ताणून कॉम्प्रेसरच्या पुलीकडे नेला. पुली दोऱ्यापासून बोटाच्या पेरभर आत! "तोरण वाकडं लागलं की असंच दिसतं," म्हणाली आणि टोपली उचलून गेली. मी मान वर केली तोवर रस्त्यावर कुणी नव्हतं. तिचं नावगावही विचारलं नाही, उलट खेकसलो, याची आजही लाज वाटते.

दसऱ्याला पूजा झाल्यावर पाना घेतला, कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटमागे वायसर घालून त्याची पुली पुढे आणली. बेल्ट जागचा हलला नाही. मंगळवारी आईला घेऊन निघालो. खोपोलीचा घाट आला तेव्हा मी घाबरून मागं बघितलं, तर ती चक्क झोपलेली.

डोलीवाल्यांनी तिला वर नेलं. आईला पुन्हा उभं कर, असं मागायचं मी ठरवून गेलेलो. पण तिनं हात जोडले आणि देवीला म्हणाली, "आता मना येवाला जमाचा नाय गो. आता तूच ये माझे घरा." काही मागण्यासारखं माझ्याकडे उरलंच नाही. मी नुसता रडलो.

पुढं वर्षभर ती होती. रोज सकाळी दार उघडं ठेवायला लावायची, आणि डोंगराचं नाव मात्र पुन्हा काढलं नाही. देवीनं तेवढा रस्ता घडवला, याचे उपकार मी जन्मभर मानीन. तिच्याशी चाललेली माझी ताणाताणही त्या डोंगरावरच सुटली. शेवटच्या सकाळी मी उशाशी, दाराकडे पाठ करून बसलेलो. आईनं पदर सावरला, माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं आणि हळू म्हणाली, "सरक रं जरा, तिला वाट दे."

मी बाजूला झालो.