मन्मथचा अडकित्ता

भूतखेत मी कधी मानलं नाही. भूजल सर्वेक्षणात नोकरी केली; जमिनीखालचं काही सांगायचं तर मला आकडे लागतात. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

दुष्काळ होता आणि लातूर जिल्हा नुकताच झाला होता. मी आणि माझा मदतनीस मन्मथ दोन यंत्रं घेऊन गावोगाव फिरायचो. चुंबकीय यंत्र जमिनीत पुरलेली काळ्या दगडाची उभी भिंत दाखवतं, विद्युतचुंबकीय यंत्र तिच्या कडेच्या भेगांतली ओल. दोन्ही जुळतील तिथे बोअर. चुंबकीय यंत्राजवळ लोखंड चालत नाही... आणि मन्मथच्या खिशात कायम अडकित्ता!

"काढ तो," मी ओरडायचो.

"सुपारीबिगर पाय उचलत न्हाई, मास्तर. तुमचं येंत्रच नव्या सुनंवाणी, जरा काय झालं की रुसतंय."

एका दुपारी माळावर त्याला ऊन लागलं. जीप मागितली, तर ती नव्या कचेरीच्या खुर्च्या आणायला गेलेली. खुर्च्या! मन्मथ दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच मेला. लिंगायत रीतीनं त्याला माती दिली. त्याच्या आईनं अडकित्ता खड्ड्यात त्याच्याजवळच ठेवला. मी स्वतः पाहिलं.

महिनाही झाला नव्हता, तोच साहेबांनी मला एकट्याला जिल्ह्यातल्याच मुरुडजवळच्या एका गावी धाडलं. बोअरची गाडी दुसऱ्या दिवशी निघणार होती. त्याआधी जागा सांगितली नाही, तर या गावाला बोअर मिळणार नव्हता.

विद्युतचुंबकीय यंत्रानं ओल स्पष्ट दाखवली. मग चुंबकीय यंत्र घेतलं — तर मोजणीसाठी ठोकलेल्या एकाच लाकडी खुंटीवर दर वेळी वेगळा आकडा. माझ्या अंगावर घड्याळ, पट्टा, किल्ली, काहीच नव्हतं. जमिनीत लोखंड असतं तर आकडा चुकीचा का होईना, पण तोच तोच आला असता. हा हलत होता... शेजारी कुणी लोखंड खिशात घेऊन चुळबुळत उभं असावं तसा.

घागर घेऊन बसलेली म्हातारी म्हणाली, "पाणी हाय का न्हाई तेवढं सांगा की, सायब."

"यंत्र ऐकत नाही, माय."

"मग आमी काय चिखलच गाळून प्यायचा?"

माझं डोकं फिरलं. साहेब, खुर्च्या, ते ऊन — सगळा राग तोंडाशी आला. शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून ओरडलो, "मन्मथ, लांब ठेव तो! पाण्यावाचून मरतील ही माणसं!"

"कुणाला ओ?" म्हातारी दचकली.

पुन्हा वाचन घेतलं. परत घेतलं. दोन्ही वेळी तोच आकडा. पुढे प्रत्येक खुंटीवर तसंच. भिंत आणि ओल जुळली; बोअरला पाणी लागलं.

साहेबांनी शेरा मारला, यंत्रात तात्पुरता बिघाड. दुरुस्तीवाल्याला बिघाड सापडला नाही, मला कारण सापडलेलं नाही. नंतर नोकरीभर तेच यंत्र घेऊन माळरानं तुडवली, मुद्दाम एकटा. आकडा एकदाही हलला नाही. तुमचं काम किती स्वच्छ, असं सगळे म्हणायचे... त्या स्वच्छ आकड्यांचा मला अजून संताप येतो.