नको म्हणणारे आजोबा

बायोमेडिकलच्या पहिल्या वर्षी माझे मार्क असे आले, की आईने नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला जायचंच टाळलं. तिथे निम्मे लोक डॉक्टर. पुढे मार्क सावरले. पदवीनंतर मेडिसिनसाठी करायच्या अर्जाला बळ यावं म्हणून मी दर शनिवारी हॉस्पिटलात व्हॉलंटिअर म्हणून चहाची ट्रॉलीही ढकलू लागले.

खिडकीशी पायाला प्लास्टर घातलेले एक मराठी आजोबा असायचे. चहा विचारला की हात हलवून म्हणायचे, "नो, नो, थँक यू." बाकीचे व्हॉलंटिअर पुढे निघून जायचे आणि आजोबा ट्रॉलीकडे बघत राहायचे. मला आपली माणसं माहीत होती.

"अहो, अर्धा कप तरी घ्या!"

"कशाला उगाच त्रास..."

"घ्या हो!"

मग अख्खा कप, वर दोन बिस्किटं.

एका शनिवारी मी रडवेली होऊन त्यांना सांगितलं, "सगळ्या मेडिकल स्कूल्सनी नाही म्हटलं."

"कितीदा विचारलंस?"

"एकदाच."

"एकदाच? अगं, मी चहालासुद्धा पहिल्यांदा हो म्हणत नाही!"

मग रिकामा कप माझ्यापुढे धरून म्हणाले, "आता मात्र नको हं मला."

मी कप भरला.