पिर्योचा उतार

पिर्योशी वाद घालायला आमच्या गावात कोणी धजत नसे. लाकडाचा ट्रक चालवणारी बाई, आवाजही ट्रकच्या भोंग्याच्या तोडीचा. धाकट्या भावाच्या, रायमोच्या छपरावरचा बर्फ ढकलताना काही वर्षांपूर्वी ती खाली कोसळली आणि कमरेखालचं सगळं बधिर झालं. तरी शनिवारची सौना, म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीतली वाफेची आंघोळ, तिनं सोडली नाही. तळ्याकाठच्या सौनाला फळ्यांचा उतार करून घेतला आणि खुर्ची स्वतः ढकलत जाऊ लागली.

यंदा शहरातल्या हॉस्पिटलात मणक्याच्या दुखापतीवर स्टेम सेलची चाचणी निघाली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "या पेशी मणक्यात सोडल्यावर काही अपाय होतो का, एवढंच आत्ता बघायचंय. चालण्याची आशा धरून येऊ नका."

"मग येते," पिर्यो म्हणाली. "खोटी आशा दाखवली असतीत तर आले नसते."

हे तिनं गावालाही सांगितलं, पण गाव ऐकेल तर शपथ! ती हॉस्पिटलात असताना रायमोनं ताल्कोत पुकारलं. ताल्कोत म्हणजे सगळ्यांनी मिळून फुकट राबायचं आणि वर मटाराचं सार हाणायचं. त्याला नाही म्हणणारा फिनलंडात अजून जन्मायचाय. उत्साहाच्या भरात लोकांनी उतार उखडला, फळ्यांचं सरपण केलं आणि तिथं कोऱ्या करकरीत पायऱ्या बसवल्या.

दीड महिन्यानं पिर्यो परतली ती खुर्चीवरच. सौना तापलेली, सगळे फुलं घेऊन उभे.

"माझा उतार कुठाय?"

"ताई, अगं, आता तू चालणार ना..." रायमो पुटपुटला.

"कोण म्हणालं? डॉक्टर नाही म्हणाल्या, मी नाही म्हणाले. तुम्हीच ठरवलंत होय परस्पर?"

"मग पाठ टोचून घ्यायला गेलीस तरी कशाला?"

"कुणीतरी आधी गेल्याशिवाय पुढच्यांचं कसं व्हायचं रे? उद्या एखादी पोर पडेल, ती कदाचित चालेल. मी नाही चालणार, आणि मला त्याची लाज नाही!"

रायमोला रडू फुटलं. "माझ्याच छपरावरून पडलीस गं. तू उभी राहिली असतीस तर मी सुटलो असतो."

इतकी वर्षं हे त्याच्या घशात अडकलं होतं. पिर्योलाही गलबलून आलं, पण आवाज काही खाली आला नाही.

"तू सुटावंस म्हणून मी उभी राहायचं? छपरावर मी माझ्या मनानं चढले होते. ते ओझं माझं आहे, तू कशाला उचलतोस? जा, हातोडा आण. आणि या वेळी उतार रुंद कर. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर होती ती मैया येतेय पुढच्या शनिवारी, तिची खुर्ची दांडगी आहे."

मग ती खुर्चीवरून खालच्या पायरीवर उतरली आणि पाठमोरी, हातांवर जोर देत, एकेक पायरी वर सरकू लागली. दोघंतिघं मदतीला धावले. तिनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ते जागच्या जागी थबकले. दाराशी पोचेपर्यंत तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"मी आंघोळ करून बाहेर येईपर्यंत उतार तयार हवा," ती म्हणाली आणि तिनं आतून दार लावून घेतलं.

रायमोनं डोळे पुसले आणि पहिली पायरी उचकटायला घेतली.