दसऱ्याला पुजलेला साहेब

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मीच सांगते, दुसरं कोण सांगणार? टोरांटोला एम.ए. करताना प्रबंधाला विषय घेतला एकोणिसाव्या शतकातला एक स्कॉटिश साहेब. हिंदुस्थानात आला मास्तरकी करायला आणि रमला लेण्यांत. जुन्नरची, म्हणजे आमच्याकडची लेणीसुद्धा त्यानं पालथी घातली. खांब मोजले, नकाशे काढले, शिलालेखांचे ठसे घेतले. म्हातारपणी एडिंबरोला परत गेला आणि तिथंही हेच लिहीत बसला.

त्याच्या ग्रंथाची जुनी प्रत युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीनं मला घरी न्यायला दिली होती. माझं शेवटचं प्रकरण त्यातल्या नकाशांवर उभं होतं. ग्रंथ हातातून गेला की प्रबंध लटकला.

तेव्हा आई व्हिजिटर व्हिसावर आलेली. दसऱ्याच्या संध्याकाळी मी कामावरून स्कारबरो उपनगरातल्या आमच्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये शिरले, तर टेबलावर पूजा मांडलेली. लॅपटॉप, माझी पुस्तकं आणि मधोमध साहेब, उघडा. पहिल्या पानावर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं.

"आई! लायब्ररीचं आहे गं हे!"

"मग? लायब्ररीला दसरा नसतो?"

"आणि आत कशाला लावलंस?"

"कव्हर काळं. त्यावर कुंकू दिसंना."

"शंभराच्या वर वय आहे त्याचं!"

"म्हणून तर पहिला मान त्याला दिला. वडीलधारं माणूस."

मी पुसायला गेले. हळद आणखी पसरली.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथ घेऊन काउंटरवर गेले आणि पान उघडूनच ठेवलं. लायब्ररियन बाईंनी चष्मा वर केला.

"हे काय?"

"हळद आणि कुंकू. आम्ही वर्षातून एकदा पुस्तकांची पूजा करतो."

"सगळ्या पुस्तकांची?"

"घरात असतील तेवढ्यांची."

त्यांनी चष्मा खाली घेऊन पान जवळून पाहिलं. मग म्हणाल्या, "याचं काम अजून आहे का तुला?"

"शेवटचं प्रकरण आहे."

"मग इथं बसून लिही. हा घरी जाणार नाही."

त्यांनी ग्रंथ आपल्या मागच्या कपाटात ठेवला. रोज दुपारी त्या तो काढून देत, आधी माझे हात बघत. थंडी पडेपर्यंत प्रकरण त्यांच्यासमोरच लिहून झालं.

आईला म्हटलं, "बघ, तुझ्यामुळं मला रोज पहाऱ्यात बसावं लागलं."

"बसलीस म्हणून झालं," आई म्हणाली. "घरी नुसती झोपत होतीस."