बाईंनी ठेवून घेतलेलं व्हायोलिन

डांबरगोळ्यांचा वास आला की मला ठाकुर्लीतल्या आमच्या व्हायोलिनच्या बाई आठवतात. मी तेव्हा शाळेत होते, डोंबिवलीहून चालत शिकायला जायचे. एकदा बाई म्हणाल्या, "आठवडाभर तुझं व्हायोलिन इथेच राहू दे." कारण न सांगता त्यांनी ते डांबरगोळ्यांच्या कपाटात, आणखी दोन व्हायोलिनांशेजारी ठेवलं. घरी आईने विचारलं, "अगं, बदलून दिलं तर कळेल का तुला?" मला कळलं नसतं, म्हणून तो आठवडा मी फार अस्वस्थ होते. परत मिळाल्यावर मी तिथेच गज ओढला. माझं व्हायोलिन कायम किरकिरायचं आणि आता आवाज भरदार, गोल येत होता. "बाई, हे माझं नाहीये," मी म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. "तुझंच आहे. मी रोज वाजवत होते. आता तू थांबलीस, तर पुन्हा तसंच होईल." त्या भीतीने मी रोज तासन्‌तास वाजवू लागले आणि त्यातूनच वादक झाले. कार्यक्रमात आजही तेच वाजवते. लोक हाताचं कौतुक करतात, तेव्हा मी हसते. पण तो सूर माझा की बदलून मिळालेल्या व्हायोलिनचा, याची खात्री मला अजून नाही.