सायमीच्या मयतीची साह्ती

तळ्याकाठच्या त्या फिनिश गावात कुणी गेलं की पुरून आलेल्यांना घरची बिअर, म्हणजे साह्ती, पाजायची रीत होती, आणि ती सायमीच्याच हातची हवी हा गावाचा हट्ट. आता पाळी तिचीच आली होती. डॉक्टरांनी पोटातली गाठ सांगून घरी पाठवलं. पहिल्या बर्फापलीकडचं काही बोललेच नाहीत. तिने नवऱ्याकडे, आर्मासकडे, एवढंच मागितलं, "माझ्या मयतीला दुकानातली बाटली नको. लोक हसतील. मी हसलेय ना त्यांना जन्मभर!"

आर्मास सुतार. बिअर गाळताना त्याने दारातून पाहिलं होतं, हात कधी लावला नव्हता. त्यात कुर्ना, म्हणजे गाळायची लाकडी डोणी, सायमीच्या आजारपणात कुणी भिजवलीच नाही. ती वाळून उभी चिरली. नवी करणं आलं. त्याने ॲस्पनचा ओंडका आणला, मधून कोरला, एका टोकाला भोक पाडून बूच बसवलं. सुताराच्या हातचा मळ, पण त्याने ते काम रेंगाळत रेंगाळत केलं. डोणी पुरी होत नाही तोवर हिला जायला सवड नाही, असं खुळं गणित त्याने मनाशी मांडलं होतं.

"म्हाताऱ्या, डोणी करतोयस की चर्चचं बाक?" सायमी खाटेवरून ओरडायची. "घासतोस काय एवढं? तिच्यात घाटा ओतायचाय, पाद्री नाही बसवायचा!"

"तू पड गं गप."

"पडलेलीच आहे. तेवढंच काम उरलंय मला."

शेवटी डोणी झालीच. आर्मासने तळाला पट्ट्या बसवल्या, वर जुनिपरच्या फांद्या आणि पेंढा अंथरला, मोड आणलेल्या जवाचा गरम घाटा पळीपळीने ओतला आणि वरून कढत पाणी सोडलं. खाटेवरून धारेचा आवाज ऐकू यावा म्हणून सायमीने मधली दारं उघडी ठेवायला लावली होती.

"धार जाड पडतेय. बूच दाब! घाई केलीस की सगळा चिखल बसेल खाली."

त्याने बूच दाबलं. धार दोऱ्याएवढी झाली; गोड, तपकिरी, जुनिपरच्या वासाची. त्या दुपारी दोघंही सुखात होती, हे सांगितलंच पाहिजे.

साह्ती उकळत नाहीत. यीस्ट घालून तळघरात ठेवली की लवकर पिकते आणि तितक्याच लवकर आंबते. म्हणून मयतीची साह्ती माणूस गेल्यावरच लावतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सायमीला तो मार्ग नव्हता; ती गेल्यावर आर्मासला सांगणार कोण? दोघांनी अंदाजाने आधी लावली, आणि अंदाज चुकला.

इकडे साह्ती पिकली आणि तिकडे सायमीला उतार पडला. तिने लापशी मागून खाल्ली. शेजारची हेल्मी म्हणाली, "देव पावला हो!" आर्मास "हो" म्हणाला आणि तळघरात जाऊन पिंपाला नाक लावून उभा राहिला. तिथे त्याच्या मनात आलं, आज गेली तर चालेल. उद्याही चालेल. परवा मात्र उशीर होईल.

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं त्याला. चाळीस वर्षं जिच्याशी भांडून संसार केला, तिचं मरण आपण पिंपाच्या हिशेबाने मोजतोय! पण दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच मनात आलं, आणि त्यानंतर एके दिवशी वास पालटला. पुन्हा लावायला ना घरात जव उरला होता, ना तिच्यात ओरडायची ताकद. उतार तर केव्हाच ओसरला होता.

संध्याकाळी तिने घोटभर मागितली. नाही म्हणायला त्याला कारण सुचेना. चमच्याने ओठांशी धरली. दुसऱ्याच्या आंबट साह्तीला जिने कधी दयामाया दाखवली नव्हती, तिने ती सावकाश गिळली.

"छान उतरलीय," ती म्हणाली.

आर्मासला मान वर करवेना. तिने चाचपडत त्याचा हात धरला.

"माफ कर हं, म्हाताऱ्या. माझ्यामुळे तुझा खोळंबा होतोय."